काचा मिटल्या की येणारी झोप

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि माझ्या केबिनमध्ये एक चांगला माणूस बसल्या बसल्या मरून गेला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण बदनापूरपासून हसनाबादपर्यंत ज्यांनी मला पाहिलं त्यांना माझ्याबद्दल तेवढंच माहीत होतं. तो का गेला, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

माझा जन्म १९८१ सालचा. लांबच्या कारखान्यात पत्रे ठोकून, लोखंड ओतून, बोल्ट आवळून मला उभं केलं. पोटात पेट्रोलवर चालणारं इंजिन बसवलं आणि अंगाला निळा रंग दिला. बदनापूरजवळ पुंजाराम नावाचा मोसंबीचा मोठा बागाईतदार होता. त्यानं मला घेतलं. मी त्याच्या दारात आले तेव्हा घरातल्या बायकांनी माझ्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, आणि गावची पोरं माझ्या चकचकीत पत्र्यात आपली तोंडं बघत बसली.

मला चालवायला रामकिसन नावाचा ड्रायव्हर होता. त्याचा हात फार हलका होता. गिअर टाकताना त्यानं मला कधी दुखवलं नाही. सकाळी स्वतःचं तोंड पुसायच्या रुमालानंच तो माझी काच पुसायचा. गाडी चालवताना तोंड मिटून एक चाल गुणगुणायचा. तिला शब्द नव्हते, आणि ती कधी पुरीही व्हायची नाही. मधेच खड्डा आला की तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मोसंबीच्या वासात आणि त्या गुणगुणण्यात माझी भरातली वर्षं गेली. जालन्याच्या बाजारात लोक म्हणायचे, "आली बघा पुंजारामची निळी!" तेव्हा माझ्या पत्र्याला ऊन जास्तच झळाळी द्यायचं.

मग माझं वय झालं. एका हिवाळ्यात माझ्या आतून आवाज येऊ लागला. टिक्, टिक्, टिक्. कुणी नखानं पत्र्यावर वाजवावं तसा. पहाटे गार इंजिन सुरू केलं की तो यायचा, आणि थोडं अंतर गेलं की आपोआप थांबायचा. मित्रांनो, आपल्याच पोटात कुणीतरी दार वाजवतंय, असं तुम्हांला कधी वाटलंय का? मला वाटायचं. मी ऐकत राहायचे, आणि मी ऐकतेय हे कळल्यासारखा तो गप्प व्हायचा.

रामकिसननंही तो ऐकला. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं, काही दिसलं नाही. तो पुंजारामला म्हणाला, "मालक, गाडीच्या आत काहीतरी बोलून राह्यलंय. एकदा मिस्त्रीला दाखवू."

पुंजाराम हसला. "चालते ना बराबर? मंग बोलू दे."

माझी बॅटरीही तेव्हा कमजोर झाली होती. एकदा बंद केलं की मला ढकलावं लागायचं, म्हणून रामकिसन मला उभ्या जागीही चालूच ठेवायचा. जानेवारीतली एक सकाळ होती. धुकं इतकं दाट होतं की बागेतली झाडं दिसत नव्हती. मोसंबी तोडणाऱ्या बाया यायला उशीर होता. रामकिसननं दोन्ही काचा वर केल्या, कानाला रुमाल बांधला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तो त्यांची वाट बघू लागला. थोडा वेळ गुणगुणला. मग ती चाल खड्डा नसतानाही तुटली. मी थांबले होते, तरी तुटली.

बाया आल्या तेव्हा ऊन चढलं होतं आणि माझं इंजिन अजून चालूच होतं. त्यांनी दार उघडलं. रामकिसनच्या गालांवर लाली होती, जणू आताच कुणीतरी त्याला हसवलंय. त्या लालीनंच त्याचं नाव बुडवलं. गर्दीतला एक जण म्हणाला, "प्यालेला दिसतोय." दुसऱ्यानं तेच पुढं सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं ठरवून टाकलं, की रामकिसन पिऊन मेला. तो फक्त चहा प्यायचा, हे मला माहीत होतं. पण मला कोण विचारणार?

त्यानंतर माझ्यात बसायला कुणी तयार होईना. पुंजारामनं मला गोठ्यामागं उभं केलं, आणि पुढच्या वर्षी विकून टाकलं.

मला घेणारा धुळाजी हसनाबादच्या बाजूचा. त्याचे आजे-पणजे मेंढरांमागं फिरले. त्याच्याकडे आता थोडी जमीन आणि थोडी मेंढरं उरली होती. वस्त्यांवरचं दूध गोळा करून भोकरदनच्या डेअरीला पोचवायचं त्यानं ठरवलं होतं. मला न्यायला आला तेव्हा लोकांनी त्याला सावध केलं, "ह्या गाडीत ड्रायव्हर मेलाय बरं."

"मेलेलं माणूस चालू गाडीला ब्रेक तर लावत न्हाई ना?" धुळाजी म्हणाला, आणि मला घेऊन निघाला.

त्याच्या घरात त्याची आई चांगुणाबाई, बायको गोपिकाबाई आणि बेबीनंदा नावाची लहान मुलगी होती. गोपिकाबाई रोज माझ्याबरोबर यायची. वस्ती आली की ती माप घेऊन उतरायची, दूध मोजून घ्यायची, कॅन हौद्यात चढवायची. धुळाजी स्टिअरिंगवर बसून राहायचा. तोही मला बंद करत नसे, कारण मला ढकलायला तिथं माणसं नसत.

उन्हाळा बरा गेला, पावसाळाही गेला. थंडी पडली, धुळाजीनं काचा वर केल्या, आणि माझ्या आतलं कुणीतरी पुन्हा नख वाजवू लागलं.

पहिलं गेलं ते एक कोकरू. मेंढीनं त्याला पाजायचं सोडलं होतं, म्हणून धुळाजीनं ते बरोबर घेतलं होतं. ऊब मिळावी म्हणून पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवलं. एका वस्तीवर आम्ही उभे होतो. गोपिकाबाई दूध घेऊन परत आली तेव्हा कोकरू मान टाकून पडलं होतं. मागच्या उघड्या हौद्यात थंडीवाऱ्यात बांधून आणलेली एक बकरी मजेत रवंथ करत होती, आणि आत उबेत ठेवलेलं कोकरू मेलं होतं.

मग धुळाजीचं डोकं दुखू लागलं. घरी गेला की उतरायचं, दुसऱ्या दिवशी माझ्यात बसला की चढायचं. एके सकाळी गोपिकाबाई कॅन घेऊन आली, तर तिला आतून बोलणं ऐकू आलं. धुळाजी रिकाम्या सीटकडे तोंड करून म्हणत होता, "बसा, बसा. घाई कशाची हाय?"

तिनं दार उघडलं. "अहो, कुणाशी बोलून राह्यले?"

"हे काय, इथं तर बसलेत..." धुळाजीनं सीटकडे पाहिलं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट ऐकली. धुळाजी पेंगता पेंगता गुणगुणत होता. तोंड मिटून. रामकिसनची चाल. धुळाजीनं रामकिसनला कधी पाहिलंही नव्हतं. पुढं माझ्यातली पुष्कळ कोडी सुटली, पण ती चाल धुळाजीकडे कुठून आली हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या क्षणी मात्र माझी खात्री पटली, की रामकिसन कुठं गेलेलाच नाही. तो माझ्या आत आहे, गार सकाळी दार वाजवतो, आणि त्याला सोबत हवी आहे.

वस्त्यांवर बातमी पसरली. लोक दुधाचं भांडं रस्त्यावर ठेवून लांब उभे राहू लागले. चांगुणाबाईनं माझ्या आरशाला काळी बाहुली आणि बिब्बा बांधला. घरी ती सुनेला म्हणाली, "पोरी, माझा लेक वाळत चाललाय. तू त्याच्याच बाजूला बसतीस. तुलाच कसं काही होत न्हाई?"

गोपिकाबाई दुधाची भांडी घासायला बसली. पण तो प्रश्न तिच्या मनात रुतून बसला.

मग ती सकाळ आली. बेबीनंदाला तिच्या मावशीकडे सोडायचं होतं, म्हणून ती बापाच्या शेजारी बसली होती. एका वस्तीवर दुधाला वेळ लागला. गार वारा सुटला होता. धुळाजीनं काचा घट्ट मिटल्या. बेबीनंदा आधी पुष्कळ बोलली, मग थोडं बोलली, मग म्हणाली, "आबा, मला झोप आली." धुळाजीनं उत्तर दिलं नाही. त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं होतं. मुलगी त्याच्या मांडीवर कलंडली. मी माझं इंजिन बंद पाडायचा जिवापाड प्रयत्न केला, मित्रांनो. पण गाडीला स्वतःहून बंद पडता येत नाही. मी चालत राहिले.

गोपिकाबाई आली. काचेवर आतून वाफ धरली होती. दाराला आतून कडी होती. तिनं हाक मारली, थाप मारली. वाफेतून तिला दोघांचे गाल दिसले, लालबुंद. रामकिसनचा चेहरा कसा होता हे तिनं लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. ती ओरडली नाही. हातातलं पितळी माप तिनं माझ्या काचेवर घातलं, एकदा, दोनदा. काच फुटली. तिनं कडी काढून आधी मुलीला ओढलं आणि मग नवऱ्याला. वस्तीवरची माणसं धावली. त्यांनी दोघांना वाऱ्याला आणून निजवलं. बेबीनंदा किती तरी वेळ हलली नाही. मग तिनं ओकारी काढली आणि रडायला लागली. तिचं ते रडणं ऐकून गोपिकाबाईनं तिला उचलून छातीशी धरलं.

भोकरदनला दवाखान्यात दोघांना नळीनं प्राणवायू दिला. डॉक्टर म्हणाले, "बंद जागेत गाडीचा धूर कोंडला की असं होतं. त्याला वास येतोच असं नाही. माणसाला नुसती झोप लागते. गाडी तपासून घ्या."

गाडी तपासली. एका मिस्त्रीनं पाहिलं, दुसऱ्यानं पाहिलं. सायलेन्सर ठोकून बघितला, खाली झोपून बघितलं. मी त्यांच्या दारात पोचेपर्यंत तापलेली असायची, आणि आतलं ते नख गप्प झालेलं असायचं. दोघंही म्हणाले, गाडीत काही दोष नाही. मग चांगुणाबाई म्हणाली, "बघा, मी म्हणत होते." तिनं भगताला बोलावणं धाडलं.

धुळाजीनं तर हायच खाल्ली होती. तो माझ्याजवळही येईना. तशात अंबडकडचा एक माणूस मला विकत घ्यायला आला. त्याला माझा इतिहास ठाऊक नव्हता. धुळाजी लगेच तयार झाला. गोपिकाबाई घरातून बाहेर आली आणि त्या पाहुण्याला म्हणाली, "दादा, चहा घ्या, पण गाडी विकायची न्हाई."

तो गेल्यावर धुळाजी चिडला. "आपल्या पोरीला खाऊन राह्यली व्हती ती. जाऊ दे की घरातून!"

"जाऊ दे, म्हंजे दुसऱ्याच्या घरात जाऊ दे?" गोपिकाबाई म्हणाली. "त्याच्याबी घरी लेकरं असतील."

"मंग काय करायचं? भगत येतोय."

"येऊ द्या. पण मला एक सांगा. आत्याबाई म्हणतात, मला काही होत न्हाई. खरंच होत न्हाई. गाडी पळत असते तवा मी त्याच सीटवर बसते. गाडी उभी राह्यली की उतरते. मंग हे भूत चालत्या गाडीत का येत न्हाई? उभ्या गाडीतच कसं येतं? आन उन्हाळ्यात, काचा उघड्या असताना, कुठं जातं?"

धुळाजीनं वळून माझ्या फुटक्या काचेकडे पाहिलं. चांगुणाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि बेबीनंदाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. भगताला तिनं नंतर काय निरोप धाडला माहीत नाही, पण तो आला नाही.

राजूरच्या फाट्यावर कडूबा मिस्त्रीचं गॅरेज होतं. धुळाजीनं मन घट्ट करून, फुटक्या काचेतून वारा खात मला तिथं नेलं. कडूबानंही आधी काहीच दिसत नसल्याचं सांगितलं.

"कडूबाभाऊ, ती गार असताना टिकटिक करते," गोपिकाबाई म्हणाली. "इथं येईस्तोवर गप होते."

कडूबानं डोकं खाजवलं. "असं हाय का? मंग तिला इथंच राहू द्या, वैनी. गार झाल्यावर काय बोलती ते ऐकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत आली. माझ्या बॉनेटवर दव साचलं होतं. कडूबानं मला सुरू केलं. टिक्, टिक्, टिक्. लांब दगडावर बसलेला धुळाजी दचकून उभा राहिला.

कडूबानं रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं माझ्या इंजिनाभोवती हळूहळू फिरवलं. आजवर मला पुष्कळ जणांनी ठोकलं होतं, पण असं कान लावून कुणी ऐकलं नव्हतं. पुढच्या बाजूला नळी गप्प राहिली. मागच्या अंगाला गेली आणि कडूबाचे डोळे बारीक झाले. "इथं हाय," तो म्हणाला. पण तिथं माझ्या इंजिनाची आणि केबिनच्या पत्र्याची इतकी दाटी होती, की काहीच दिसत नव्हतं.

त्यानं इंजिन बंद केलं. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेचा पाइप ओढून आणला, चिंधी गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात खुपसला आणि माझ्यात उलटी हवा भरली. मग साबणाचा फेस करून ब्रशनं एकेका जोडावर लावला. कुठंच काही होईना. गोपिकाबाईनं तिथला दाढीचा आरसा उचलून त्या दाटीत धरला. कडूबानं ब्रश तिथंवर नेला. आणि आरशात एक बुडबुडा दिसला. तो फुगला, डोळ्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिला, आणि फुटला. त्याच जागी दुसरा आला. मग तिसरा.

"आयो," गोपिकाबाई हळूच म्हणाली.

इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड नळ असतो. कडूबानं तो सोडवून बाहेर काढला. त्याच्या पाठीला केसासारखी बारीक चीर होती. गार असताना ती उघडी असायची आणि आवाज करायची. तापल्यावर बीड फुगायचं, आवाज दबायचा, पण धूर झिरपतच राहायचा. मी पळत असले की वारा तो उडवून न्यायचा. उभी राहिले की क्लचच्या पायडलाखालच्या फाटक्या रबरातून तो केबिनमध्ये शिरायचा आणि मिटलेल्या काचांत साठायचा.

"ही चीर आजची न्हाई, वैनी," कडूबा म्हणाला. "आतून पार काळी पडलीय. लई वर्षांची हाय."

धुळाजी आता जवळ आला होता. त्यानं तो नळ हातात घेतला. "म्हंजे त्यो ड्रायव्हर..."

"मी तिथं नव्हतो. पण काचा मिटून बसला असंल, तर दुसरं काय?"

कडूबानं दुसऱ्या गाडीचा चांगला नळ बसवला, नवं पॅकिंग घातलं, पायडलाखाली नवं रबर लावलं. मग साबण लावून पुन्हा पाहिलं. बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गार असतानाच सुरू करून पाहिलं. आत कुणीही नख वाजवलं नाही. मित्रांनो, मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण इतक्या वर्षांनी आत एवढं शांत झाल्यावर मला पहिल्यांदाच एकटं वाटलं.

तो तडकलेला नळ कडूबा भंगारात टाकणार होता. गोपिकाबाईनं तो पोत्यात बांधून घेतला.

"हे कशाला?" धुळाजीनं विचारलं.

"बदनापूरला जायचंय," ती म्हणाली.

रामकिसनची बायको उषाबाई पुंजारामच्याच बागेत कामाला जात होती. आम्ही गेलो तेव्हा ती पुंजारामच्या वाड्यासमोर मोसंबी निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं. हातातलं फळ तिथंच ठेवून ती उठली आणि पाठ फिरवून चालू लागली. गोपिकाबाई तिच्यामागं धावली. "ताई, थांबा. मी भांडायला आले न्हाई." तिनं पोतं सोडलं. वस्तीवरची सकाळ सांगितली, बेबीनंदाचे लाल गाल सांगितले, मग तो नळ उलटा करून चीर दाखवली.

उषाबाईनं चिरेवरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली.

"म्हंजे ते प्यालेले नव्हते," ती म्हणाली.

"न्हाई, ताई."

"मला ठाऊक व्हतं. रोज ठाऊक व्हतं. पर लोकांनी माझ्या पोरांनाबी सांगून ठेवलं, तुमचा बाप दारूनं मेला म्हणून." मग तिनं तो जड नळ एकटीनं उचलला आणि अंगणात बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्या पुंजारामसमोर नेऊन ठेवला. फळं निवडणाऱ्या बाया बघत राहिल्या. "मालक, दारू न्हाई. हा धूर प्याले ते."

पुंजारामनं चीर पाहिली. त्यानं त्या चिरेवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. मग तो जमलेल्या लोकांकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्यानं मला सांगितलं व्हतं. गाडी बोलतीय म्हणून सांगितलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई. रामकिसननं थेंब घेतला नव्हता. ज्याला कुणाला ऐकायचंय त्यानं ऐका."

उषाबाई रडली नाही. तिनं पदराच्या टोकाला बोटाची काजळी पुसली आणि ती पुन्हा मोसंबी निवडायला बसली. गोपिकाबाईही तिच्याशेजारी बसली, आणि ढीग संपेपर्यंत दोघी निवडत राहिल्या.

पुढं मी पुष्कळ वर्षं दूध वाहिलं. दोन हजार सालानंतर वस्त्यांवर नव्या गाड्या आल्या, मग माझं काम सुटलं. चाकं गेली, दिवे गेले. आता माझ्यात पेट्रोलही नाही आणि धूरही नाही. एवढंच मागते. तुमच्या घरात जुनं यंत्र असेल आणि ते नेहमीपेक्षा वेगळा आवाज करू लागलं, तर त्याला भूत म्हणू नका आणि दुर्लक्षही करू नका. कान लावून ऐका. आणि थंडीच्या दिवसांत कुणी काचा मिटून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपलेलं दिसलं, तर जाऊन काचेवर थाप मारा. ते तुमच्यावर रागावतील.

रागावू द्या.